नफा कुणाच्या पदरात? : कंपनीच्या ‘बायबॅक’चा अर्थ

१

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात भांडवलबाजार हा घटक शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. त्याच्या हातात वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान होते. एका मोठ्या कंपनीने हजारो कोटी रुपये खर्चून स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचे ठरवले आहे, अशी ती बातमी होती. त्याने विचारले, “सर, माणूस स्वतःचीच जमीन स्वतःकडून कशी विकत घेईल? आणि घेतली तर पैसे जातात कुठे?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमच्या घरात शेअर हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. माझे वडील एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर होते. अठरा वर्षे त्यांनी त्याच फाटकातून ये-जा केली. पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव कधीच लागले नाही. पगारवाढीचा विषय काढला की साहेबाचे एकच उत्तर असे, “कारखान्यात पैसा नाही.” वडिलांना ते खरे वाटे. ज्याला हिशेबाची वही कधी दाखवलीच गेली नाही, त्याला दुसरे काय वाटणार? त्या मुलाचा प्रश्न ऐकला आणि मला वडिलांचे ते वाक्य आठवले. दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. श्रमातून उभा राहिलेला पैसा शेवटी कुठे जातो?

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ह्या प्रश्नाकडे शेअरवाल्यांचा खासगी मामला म्हणून पाहू नये. म्हणून हा लेख.

२

प्रथम व्यवहार समजून घेऊ. कंपनीची मालकी लहान लहान भागांत वाटलेली असते. तो भाग म्हणजे शेअर. समजा, एका कंपनीचे एकूण शंभर शेअर आहेत आणि वर्षाचा नफा एक हजार रुपये आहे. म्हणजे दर शेअरमागे नफा दहा रुपये. आता कंपनीने आपल्या तिजोरीतले पैसे काढून वीस शेअर बाजारातून विकत घेतले आणि रद्द करून टाकले. उरले ऐंशी. पुढच्या वर्षी नफा तितकाच, हजार रुपयेच झाला. तरी दर शेअरमागचा नफा साडेबारा रुपये होतो. कागदावर पंचवीस टक्के प्रगती!

ह्या प्रगतीत कारखान्यात एक नट जास्त घडलेला नाही. एक नवे यंत्र आलेले नाही. एकाही कामगाराचा पगार वाढलेला नाही, आणि ग्राहकाच्या हाती पूर्वीपेक्षा चांगली वस्तूही पडलेली नाही. फक्त भागाकारातला भाजक लहान झाला आहे. पण शेअरबाजार ह्या आकड्याकडे पाहतो आणि शेअरचा भाव चढतो.

हा भाव चढण्यात सर्वांत मोठा रस कुणाला? कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. विशेषतः अमेरिकेत १९८० नंतर त्यांच्या वेतनाचा मोठा हिस्सा रोख पगाराऐवजी शेअरच्या रूपाने मिळू लागला, आणि त्यांचा बोनसही अनेक ठिकाणी दर शेअरमागच्या नफ्यावर ठरू लागला. म्हणजे कंपनीचा पैसा कुठे खर्च करावा हे सुचवणारा माणूस आणि त्या खर्चामुळे ज्याचा खिसा भरतो तो माणूस, दोन्ही एकच. अमेरिकेच्या शेअरबाजार नियामक आयोगाचे एक आयुक्त रॉबर्ट जॅक्सन यांनी २०१८ मध्ये आपल्या पाहणीतून दाखवून दिले, की बायबॅकची घोषणा झाल्यावर लगेचच्या दिवसांत अधिकाऱ्यांकडून स्वतःचे शेअर विकले जाण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते. कंपनी विकत घेते आणि कंपनीचे कारभारी विकतात. हा योगायोग नव्हे.

३

हा व्यवहार नेहमीच राजमान्य होता असे नाही. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. कृत्रिमपणे भाव चढवण्याच्या कारवायांनी किती घरे धुळीला मिळतात ते त्या देशाने पाहिले आणि १९३४ मध्ये कायदा करून भावाशी अशी खेळी करणे हा गुन्हा ठरवला. कंपनीने मोठ्या प्रमाणावर स्वतःचेच शेअर घेतले तर तिच्यावर हा आरोप येऊ शकत होता. त्यामुळे कंपन्या जपून होत्या. नफ्यातून भागधारकांना लाभांश द्यावा आणि उरलेला पैसा यंत्रे, संशोधन आणि माणसे यांत गुंतवावा, अशी तेव्हाची सर्वसाधारण रीत होती.

वैचारिक जमीन आधी नांगरली गेली. १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने मांडले, की कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय. कंपनी भागधारकांची, व्यवस्थापक त्यांचा नोकर, आणि कामगार हा केवळ खर्चाचा एक रकाना, अशी शिकवण पुढे व्यवस्थापनाच्या शाळांतून दिली जाऊ लागली. मग रेगन यांचे राज्य आले. त्यांनी नियामक आयोगाच्या अध्यक्षपदी जॉन शॅड यांना नेमले. शॅड एका मोठ्या दलाली पेढीतील वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १९८२ मध्ये, आयोगाने एक नियम केला. दररोजच्या सरासरी उलाढालीच्या पंचवीस टक्क्यांच्या आत राहून आणि आणखी काही अटी पाळून कंपनीने शेअर घेतले, तर तिच्यावर भावाशी खेळ केल्याचा ठपका केवळ त्या खरेदीमुळे येणार नाही. ज्या चोरवाटेवर पहारा होता, तिचा असा हमरस्ता झाला.

पुढे काय झाले ते विल्यम लॅझोनिक या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये आकड्यांनिशी मांडले. २००३ ते २०१२ ह्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या ४४९ बड्या कंपन्यांनी आपल्या नफ्याचा ५४ टक्के भाग बायबॅकवर खर्च केला. रक्कम २.४ लाख कोटी डॉलर. आणखी ३७ टक्के लाभांशात गेले. दोन्ही मिळून ९१ टक्के. म्हणजे संशोधन, नवी यंत्रे, कामगारांचे प्रशिक्षण आणि वेतनवाढ यांसाठी ह्या नफ्यातून उरले नऊ टक्के. पूर्वीच्या कंपन्या पैसा राखून ठेवत आणि पुन्हा गुंतवत. आताच्या कंपन्या माणसे कमी करतात आणि पैसा वाटून टाकतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

२०१७ च्या अखेरीस अमेरिकेने कंपन्यांवरील कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला. कर वाचला की कंपन्या गुंतवणूक करतील, मजुरी वाढेल आणि सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान चार हजार डॉलरने चढेल, असे अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितले होते. २०१८ मध्ये प्रत्यक्षात काय चढले? पाचशे बड्या कंपन्यांचा बायबॅक ८०,६०० कोटी डॉलरवर गेला. तोवरचा तो उच्चांक होता. २०२३ पासून ह्या व्यवहारावर एक टक्का कर लागू झाला. तरीही २०२४ मध्ये हा आकडा ९४,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला. एक टक्क्याची कुंपणे किती उंच असतात ते ह्यावरून कळते.

४

आकडे मोठे झाले की माणसे दिसेनाशी होतात. म्हणून एकच उदाहरण जरा जवळून पाहू.

बोईंग ही विमाने बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी. तिचे इंजिनियर आणि कारागीर हा एकेकाळी तिचा अभिमान होता. १९९७ मध्ये तिने मॅक्डॉनेल डग्लस ही कंपनी आपल्यात सामावून घेतली. २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला गेले. कारखाना एका टोकाला आणि हिशेब करणारे साहेब दुसऱ्या टोकाला. २०११ मध्ये प्रतिस्पर्धी एअरबसच्या नव्या विमानाला उत्तर द्यायचे होते. कंपनीने पूर्णपणे नवे विमान न घडवता १९६० च्या दशकातल्या ७३७ ह्या सांगाड्यावरच मोठी इंजिने बसवण्याचे ठरवले. त्यामुळे विमानाच्या वागणुकीत जो फरक पडला तो झाकण्यासाठी एक स्वयंचलित यंत्रणा बसवली. ती यंत्रणा नाकाचा कोन मोजणाऱ्या एकाच मापकावर विसंबून होती. वैमानिकांना तिची धड माहितीही दिली नव्हती.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात ह्या जातीचे एक विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे दोन महिने व्हायच्या आत, कंपनीच्या संचालक मंडळाने लाभांश वीस टक्क्यांनी वाढवला आणि २,००० कोटी डॉलरपर्यंतच्या नव्या बायबॅकला मंजुरी दिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे विमान कोसळले. आणखी १५७ माणसे गेली. त्यानंतर विमान जमिनीवर बसवण्यात आले आणि बायबॅकही थांबला. २०१३ पासून तोवर कंपनीने स्वतःच्या शेअरवर सुमारे ४,३०० कोटी डॉलर खर्च केले होते.

इथे तोल सांभाळला पाहिजे. बायबॅकमुळे विमान पडले असे म्हणणे अर्धवट शहाणपणाचे होईल. चौकशांनी सदोष रचना, माहितीची लपवाछपवी आणि सरकारी देखरेखीतली ढिलाई अशी अनेक कारणे दाखवली. पण एक प्रश्न उरतोच. ज्या कंपनीला नवे विमान घडवणे महाग वाटते, दुसरा मापक बसवणे आणि वैमानिकांना नव्याने शिकवणे नकोसे वाटते, तिच्यापाशी शेअर विकत घ्यायला ४,३०० कोटी डॉलर होते. पैसा नव्हता असे नाही. त्या कामासाठी नव्हता. माझ्या वडिलांना मिळालेले उत्तर त्या इंजिनियरांनाही मिळत होते. फक्त भाषा इंग्रजी होती.

पुढचा भाग तितकाच बोलका आहे. मार्च २०२० मध्ये महामारीने विमान वाहतूक ठप्प झाली. तेव्हा ह्याच कंपनीने विमाननिर्मिती उद्योगासाठी सरकारकडे ६,००० कोटी डॉलरच्या मदतीची मागणी केली. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या एका विमानाच्या दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेतच निखळला. चार बोल्ट बसवलेच नव्हते असे तपासात आढळले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेहतीस हजार कामगार संपावर गेले. सात आठवड्यांहून अधिक लढल्यावर त्यांना चार वर्षांत ३८ टक्के वेतनवाढ मिळाली. मात्र दहा वर्षांपूर्वी गोठवलेली निवृत्तिवेतनाची योजना परत मिळाली नाही. संप चालू असतानाच कंपनीने सतरा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि रोकड उभी करण्यासाठी नवे शेअर विकायला काढले. भाव १४३ डॉलर. २०१८ मध्ये हाच शेअर बहुतेक काळ तीनशेच्या वर असताना कंपनी तो विकत घेत होती. महागात घेतले आणि स्वस्तात विकले. घरच्या बाईने भाजीबाजारात असा व्यवहार केला असता तर घरात तिला बोलायला जागा उरली नसती. इथे मात्र ह्याला आर्थिक कौशल्य म्हणतात.

५

कामगाराचे नुकसान आणखी सरळ हिशेबाने दाखवता येते. २०१८ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी, कॅटी मिलानी आणि आयरीन टंग यांनी, एक गणित मांडले. २०१५ ते २०१७ ह्या काळात बायबॅकवर गेलेला पैसा कामगारांना दिला असता तर काय झाले असते? मॅक्डोनाल्ड्सच्या साखळीतल्या प्रत्येक कामगाराला वर्षाला सुमारे चार हजार डॉलर, स्टारबक्समध्ये सात हजार आणि होम डेपोसारख्या दुकानांच्या साखळीत अठरा हजार डॉलर जास्त देता आले असते. सगळा पैसा कामगारांनाच द्यावा असे नव्हे. पण ‘परवडत नाही’ ह्या शब्दाचे मोजमाप तरी झाले.

ग्राहकाची गोष्ट औषधांच्या धंद्यात दिसते. औषधे महाग का, असे विचारले की कंपन्या सांगतात, संशोधनाला फार खर्च येतो. अमेरिकन संसदेच्या एका समितीने २०२१ मध्ये चौदा बड्या औषध कंपन्यांचे हिशेब तपासले. २०१६ ते २०२० ह्या पाच वर्षांत त्यांनी संशोधनावर ५२,१०० कोटी डॉलर खर्च केले होते. बायबॅक आणि लाभांशावर ५७,७०० कोटी. आजारी माणूस औषधाच्या बाटलीची जी किंमत मोजतो तिच्यात प्रयोगशाळेचा वाटा आहे, तसाच शेअरचा भाव चढवण्याचाही आहे, आणि हा दुसरा वाटा मोठा आहे.

समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, कंपनीकडे वापरायला जागा नसलेला पैसा पडून असेल तर तो मालकांना परत द्यावा. ते तो दुसऱ्या होतकरू उद्योगात घालतील. शिवाय शेअर काही फक्त श्रीमंतांकडे नसतात, कामगारांच्या पेन्शन-फंडांकडेही असतात. पहिल्या मुद्द्यात तथ्यांश आहे. धंदा खरोखरच आक्रसत असेल तर पैसा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्या कंपनीच्या कामगाराला पोटभर मजुरी नाही, ज्या मालात खोट आहे, तिच्याकडचा पैसा ‘वापरायला जागा नसलेला’ कसा? दुसरा मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेतल्या शेअरांच्या एकूण किमतीचा सुमारे नऊदशांश हिस्सा वरच्या दहा टक्के कुटुंबांकडे आहे. आणि ‘परत देणे’ हा शब्दच फसवा आहे. आज बाजारात शेअर घेणाऱ्याने आपला पैसा कंपनीला दिलेला नसतो. आधीच्या शेअरवाल्याला दिलेला असतो. ज्याने दिलेच नाही त्याला परत काय द्यायचे? उलट ज्याने आयुष्याची तीस वर्षे त्या कारखान्यात घातली त्याची गुंतवणूक कुठल्याही वहीत नोंदलेली नाही.

६

आपल्याकडे काय आहे?

१९५६ च्या कंपनी कायद्याने कंपनीला स्वतःचे शेअर घेण्यास सर्वसाधारणपणे मनाईच होती. ही मनाई उठली ती १९९८ चा वटहुकूम आणि १९९९ ची दुरुस्ती यांनी. पुढे २०१३ च्या कायद्यात काही बंधने कायम राहिली. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या पंचवीस टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. खरेदीनंतर कर्ज ह्या भांडवल-निधीच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. एका बायबॅकनंतर वर्षभर दुसरा करता येत नाही. त्यामुळे कर्ज काढून कंपनी पोखरण्याचे अमेरिकेसारखे प्रकार इथे कमी झाले. हा फरक मान्य केला पाहिजे. पण रकमा लहान नाहीत. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या कंपनीने २०१७ ते २०२३ ह्या काळात पाच वेळा बायबॅक केला. एकूण ८३,००० कोटी रुपये. जुलै २०२५ मध्ये तिने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. एकातून दुसरे निघाले असा दावा मी करीत नाही. दोन्ही बातम्या एकाच कंपनीच्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या वाचकांच्या अधिक जवळचा प्रश्न सार्वजनिक उद्योगांचा आहे. मे २०१६ मध्ये केंद्र सरकारने फर्मान काढले, की ज्या सरकारी कंपनीची निव्वळ मत्ता किमान २,००० कोटी आणि रोकड १,००० कोटींहून जास्त असेल तिने आपले शेअर परत घ्यावेत. त्या वर्षी राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाने सुमारे ७,५०० कोटी रुपये आणि कोल इंडियाने सुमारे ३,६५० कोटी रुपये ह्या मार्गाने दिले. सर्वांत मोठा भागधारक सरकारच. म्हणून बराचसा पैसा सरकारी तिजोरीत गेला आणि अंदाजपत्रकातली तूट भरायला वापरला गेला. तो कुणा शेठजीच्या घरी गेला नाही, हे खरे. पण ज्या खाणीत तो पैसा निर्माण झाला तिथली यंत्रे, सुरक्षेची साधने आणि भरती यांच्यापासून तो दूर गेला, हेही तितकेच खरे. सार्वजनिक उद्योगातली कायम नोकरी हे आमच्या कितीतरी घरांना दारिद्र्यातून वर काढणारे पहिले दार होते, कारण त्या दारावर आरक्षणाचा कायदा उभा होता. गेल्या काही वर्षांत ह्या उद्योगांतली कायम माणसे घटत गेली आणि कंत्राटी वाढत गेली. ठेकेदाराने आणलेल्या माणसाला आरक्षणाचे संरक्षण प्रत्यक्षात मिळत नाही. ‘भरतीसाठी पैसा नाही’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा २०१६ सालचे हे आकडे हाताशी असावेत.

आणखी एक तुलना करून पाहा. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढील दुरुस्त्यांनंतर कामगाराच्या वाट्याला किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस ठरलेला होता. म्हणजे नफा कितीही होवो, ह्या कायद्याने मिळणाऱ्या कामगाराच्या वाट्याला छत होते. भागधारकाच्या वाट्याला असे छत नाही. त्याची बंधने कंपनी बुडू नये म्हणून आहेत. त्याला फार मिळू नये म्हणून नव्हेत.

७

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानणार आहोत आणि सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र ते नाकारत राहणार आहोत. ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. कंपनीच्या सर्वसाधारण सभेत ही विसंगती उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तिथे मत माणसाला नसते, शेअरला असते. काल शेअर घेऊन उद्या विकणाऱ्याला मत आहे. तीस वर्षे राबणाऱ्याला नाही. बायबॅक हा ह्या व्यवस्थेचा अपघात नव्हे, तिचा स्वाभाविक परिणाम आहे. ज्यांना मत आहे त्यांनी ठरवले आणि स्वतःलाच वाढून घेतले.

उपाय अशक्य नाहीत. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींना दिल्या. २०२० मध्ये अमेरिकेने महामारीत मदत घेणाऱ्या विमान कंपन्यांना ठरावीक काळ बायबॅक करण्यास मनाई केली. म्हणजे सरकारला बंधन घालता येते, इच्छा हवी. आपल्या कामगार संघटनांनी वेतनकराराच्या बोलण्यांना बसताना कंपनीचा वार्षिक अहवाल सोबत न्यावा. नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल कुणालाही वाचायला मिळतात. त्यात बायबॅक किती, लाभांश किती, वेतनखर्च किती, प्रशिक्षण आणि सुरक्षितता यांवर किती, हे रकाने शेजारी मांडून दाखवावेत. हे काम आपल्या शिकलेल्या मुलांचे आहे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या पदव्या आपण कशासाठी घेतल्या?

त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी फळ्यावर शंभर आणि ऐंशी शेअरांचे गणित करून दाखवले. ते त्याला लगेच समजले. तास संपल्यावर तो पुन्हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माझे वडील ज्या कंपनीत कंत्राटावर आहेत तिचा असा हिशेब आपल्याला बघता येईल का?” आम्ही दोघे ग्रंथालयातल्या संगणकापुढे बसलो. माझ्या वडिलांना अठरा वर्षे जी वही कुणी दाखवली नाही, तसली एक वही त्या दुपारी एका हेल्परच्या मुलाने स्वतः उघडली.